शंभुमहादेवाची चढण आणि पुष्कर तलाव : नातेपुते परिसरातील नवदांपत्याच्या पहिल्या यात्रेचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, पुणे–पंढरपूर मार्गावर वसलेले नातेपुते हे गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम आणि पंचक्रोशीची बाजारपेठ म्हणून आज ओळखले जात असले, तरी त्याच्या नैऋत्येला क्षितिजावर सतत दिसत राहणाऱ्या महादेवाच्या डोंगररांगेशी असलेला त्याचा संबंध पालखीच्या मुक्कामाहून जुना आहे. महाबळेश्वरच्या परिसरात सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे उतरत गेलेली ही रांग नीरा आणि माण या दोन नद्यांच्या खोऱ्यांतील पाणलोट दुभागते. तिच्या एका उंच माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०५० मीटर उंचीवर, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील शिखर शिंगणापूर हे शंभुमहादेवाचे स्थान आहे आणि त्याच माथ्यावर, देवळाच्या खालच्या अंगाला, पुष्कर तलाव आहे. नातेपुते येथून रस्त्याने वीसेक किलोमीटरवर असलेल्या या देवाला आणि या तलावाला जाणारी वाट ही या भागातील असंख्य जोडप्यांच्या एकत्र आयुष्यातील पहिली वाट ठरली. पाठीवर सामान बांधून डोंगरातल्या तळ्याकाठी मुक्कामाला जाणे हा अलीकडच्या सुट्टीच्या संस्कृतीने आणलेला छंद आहे, असे शहरी वाचकाला सहज वाटू शकते. परंतु लग्नानंतर लवकरच शिधा, अंथरूण आणि पाणी अंगावर वागवत दोघांनी मिळून डोंगर चढायचा आणि तळ्यात स्नान करून देवापुढे उभे राहायचे, ही रीत महादेवाच्या डोंगराच्या दोन्ही अंगांना दीर्घकाळ चालत आलेली आहे, आणि तिचा इतिहास हा मुख्यतः पाण्याचा इतिहास आहे.

हे समजण्यासाठी प्रथम देवाचे स्वरूप पाहिले पाहिजे. शिंगणापूर हे नाव देवगिरीच्या यादव घराण्यातील सिंघण राजावरून आले, असे परंपरा मानते. या सिंघणाचा काळ तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी आपल्या ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात या क्षेत्राचा शोध दक्षिणेपर्यंत नेला, शंभुमहादेवाचा संबंध श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाशी जोडला आणि बळिप नावाच्या दक्षिणी पुरुषाकडून या दैवताची स्थापना झाली असावी, तसेच भोसले घराण्याचे मूळ होयसळांपर्यंत पोचत असावे, असा सिद्धांत मांडला. या सिद्धांताचा शेवटचा भाग वादग्रस्त राहिला आहे. परंतु गवळी-धनगरांसारख्या पशुपालक समाजांच्या स्थलांतराबरोबर दैवतेही स्थलांतर करतात, हे त्यांचे मूळ सूत्र या कोरड्या, चराऊ माळरानांच्या प्रदेशाला चपखल लागू पडते, आणि शिंगणापूरचा विचार करताना ते बाजूला ठेवता येत नाही.

देवळाच्या गाभाऱ्यात एक नव्हे, तर शेजारी शेजारी दोन लिंगे आहेत आणि ती शिव आणि पार्वती यांची मानली जातात. शिवालयात सामान्यतः देवीला वेगळे देवघर किंवा कोनाडा असतो. येथे मात्र भक्तासमोर जोडपेच उभे असते, आणि जोडीने दर्शनाला येणाऱ्यांच्या दृष्टीने या गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत भरणाऱ्या यात्रेचा गाभाही विवाह हाच आहे. पंचमीला देवाला हळद लागते आणि अष्टमीला मध्यरात्री शिवपार्वतीचा विवाह लावला जातो. त्याच दिवशी शंभुमहादेवाच्या देवळाच्या शिखरापासून समोरच्या अंगाला असलेल्या बळीच्या म्हणजे अमृतेश्वराच्या देवळाच्या शिखरापर्यंत एक लांबच लांब कापडी पट्टा बांधतात, ज्याला ध्वज किंवा पागोटे म्हणतात. नवऱ्या मुलाच्या उपरण्याला नवरीच्या पदराची गाठ बांधण्याचा विधी ज्याने आपल्या मांडवात नुकताच पाहिला आहे, त्याला दोन शिखरे जोडणाऱ्या या कापडाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. माळशिरस तालुक्यातच वेळापूर येथे अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देवालय आहे, तेथे रामचंद्रदेव यादवाच्या काळातील शिलालेखही मिळाले आहेत, आणि माण खोऱ्यात म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या विवाहाचा सोहळा होतो. एका लहानशा टापूत शिवाची युगुलरूपे इतक्या दाटीने वसलेली असणे, हा या प्रदेशाच्या धर्मजीवनाचा एक ठळक विशेष मानावा लागतो.

लग्नानंतर कुलदैवताला जाण्याची चाल सगळ्या महाराष्ट्रात आहे. कुलदैवत म्हणजे एखाद्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या पूजलेले दैवत, ज्याच्या दर्शनावाचून घरातील मंगलकार्य पुरे झाले असे मानले जात नाही. नवरी नव्या कुळात आली की तिची त्या दैवताशी ओळख घडवणे, तिची ओटी भरणे, दोघांच्या हातून जोडीने अभिषेक करवणे, हे त्या दर्शनाचे प्रयोजन. जेजुरीला नवरा नवरीला उचलून घेऊन गडाच्या पायऱ्या चढतो, ही चाल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात थट्टामस्करी असली, तरी संसाराचे ओझे पेलण्याची ही पहिली परीक्षा आहे, असा भाव पाहणाऱ्यांच्या मनात असतोच. शिंगणापूर हे अनेक मराठा, धनगर आणि इतर कुळांचे कुलदैवत असल्यामुळे नीरा आणि माण यांच्या खोऱ्यांत ‘शिखरावर जाऊन येणे’ हा लग्नाच्याच विधींचा पुढचा भाग होऊन बसला. मात्र त्या काळातील ‘जोडपे’ म्हणजे आज डोळ्यांसमोर येणारे दोन प्रौढ प्रवासी नव्हते, हे स्पष्ट केले पाहिजे. १९२९ मध्ये संमत झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही बराच काळ, नवरी बहुधा मुलगीच असे. त्यामुळे ही पहिली यात्रा सासू-सासरे, दीर-जावा, भाऊबंद यांच्या मेळ्यातूनच होई, आणि नवराबायकोला एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची मुभा घरी नसे तशी वाटेवरही फारशी नसे. असे असले तरी एका दिशेने, एका वेगाने, एकच ऊन सोसत दिवसभर चालणे ही गोष्ट घरच्या कामाच्या विभागणीत कधीच न मिळणारी होती, आणि या यात्रेचे सामाजिक महत्त्व सर्वांत अधिक याच ठिकाणी आहे.

या वाटेचे सामान काय असे, ते पाहणे उद्बोधक आहे, कारण आजच्या भटक्याच्या पाठीवरील सॅकेत जे जे असते, त्यातील बहुतेक सर्व वस्तूंची जुनी रूपे त्यात सापडतात. पुरुषाच्या खांद्यावर पडशी असे. पडशी म्हणजे दोन्ही टोकांना तोंडे असलेली जाड कापडाची लांब पिशवी, जी खांद्यावर टाकली की अर्धा भार पुढे छातीवर आणि अर्धा मागे पाठीवर येतो, त्यामुळे चढणीला तोल जात नाही. बाईच्या डोक्यावर गाठोडे आणि त्याखाली चुंबळ, म्हणजे कापड गोल वळून केलेली, ओझे स्थिर ठेवणारी बैठक. अंथरूण-पांघरुणाची एकत्र गुंडाळी करून दोरीने बांधलेली वळकटी पाठीवर किंवा बैलाच्या पाठीवर जाई आणि तिच्यात वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी, आणि घोंगडी असे. घोंगडी हे या प्रदेशातील मेंढरांच्या लोकरीचे वस्त्र. ते रात्री पांघरायला, दुपारी सावलीसाठी ताणायला आणि अवकाळी पाऊस आला तर डोक्यावर खोळ करून घ्यायला, अशा तिन्ही कामांना येई. शिदोरीत दशम्या असत. पिठात पाण्याऐवजी दूध घालून भाजलेली ही भाकरी साध्या भाकरीपेक्षा मऊ राहते आणि अधिक टिकते. बरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी आणि कांदा. तांब्याबरोबर दोर असे, कारण वाटेवरच्या विहिरीतून पाणी शेंदण्याची सोय प्रत्येकाने आपली आपण करायची असे. ही सामग्री शतकांच्या अनुभवाने ठरलेली होती आणि तिच्यातील एकही वस्तू हौसेची नव्हती.

वाटेतील खरी अडचण मात्र चढणीपेक्षा पाण्याची होती. महादेवाचा डोंगर पर्जन्यछायेत आहे. मोसमी वाऱ्यांचा बहुतेक पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर पडून गेल्यावर इथे वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो आणि तोही बेभरवशाचा. डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी फटींतून आणि थरांच्या सांध्यांतूनच मुरते, त्यामुळे माथ्यावर पडलेले पाणी बरेचसे वाहून खाली जाते आणि वर फार थोडे राहते. त्यात यात्रा भरते चैत्रात, म्हणजे पावसाळा संपून सहा महिने झालेले असताना आणि विहिरी तळाला गेलेल्या असताना. देवाच्या लग्नाचा मुहूर्त आणि पाण्याच्या टंचाईचा काळ असे एकत्र आल्यामुळे शिंगणापूरच्या यात्रेतील प्रत्येक प्रथेवर तहानेची छाया आहे. देवस्थानाजवळील गुप्तलिंगासारख्या ठिकाणच्या झऱ्यावर थोड्या वस्तीचे भागले असते. परंतु लांबलांबून आलेल्या मेळ्यांची, त्यांच्या बैलांची आणि लेकराबाळांची तहान अशा झऱ्यावर भागणे शक्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर मालोजीराजे भोसले यांनी येथे तलाव बांधवला, ही घटना पाहिली पाहिजे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी हे निजामशाहीच्या सेवेतील सरदार. वेरूळ हे त्यांच्या घराण्याचे गाव, आणि परंपरेनुसार त्यांचा अंत नातेपुत्याच्या उत्तरेला नीरा-भीमेच्या दुआबातील इंदापूरच्या लढाईत झाला. त्यांची पत्नी उमाबाई ही फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. काही साधने तिचे नाव दीपाबाई असे देतात. फलटण हे महादेवाच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याचे संस्थान, तेव्हा शिंगणापूर हे मालोजींचे कुलदैवत असण्याबरोबरच त्यांच्या सासुरवाडीच्या अंगणातले दैवतही होते. या दांपत्याला बरीच वर्षे मूल झाले नाही, अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केल्यावर झालेल्या मुलांची नावे त्यांनी शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. बखरींतील परंपरा असे सांगते की वेरूळला मालोजींना पुरलेले द्रव्य सापडले, ते त्यांनी चांभारगोंद्याच्या, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याच्या, शेषाप्पा नाईक नावाच्या सावकाराकडे ठेवले आणि त्यातून वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आणि शिंगणापूरचा तलाव ही कामे झाली. द्रव्य सापडल्याची कथा बाजूला ठेवली, तरी तलावाचे बांधकाम इ. स. १६०० च्या सुमारास झाले याविषयी बहुतेक साधनांचे एकमत आहे. सतराव्या शतकातील ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदानेही मालोजींच्या पुण्यकृत्यांत शंभुमहादेवाच्या डोंगरावरील तलावाला स्थान दिले आहे आणि पाण्यावाचून होणाऱ्या यात्रेकरूंच्या हालांशी त्याचा संबंध जोडला आहे.

या उल्लेखाचे मोल इतिहासकारांनी पुरेसे जाणलेले नाही. एका उदयोन्मुख घराण्याच्या संस्थापकाचे चरित्र सांगताना दरबारी कवी लढाया आणि दाने यांच्या पंक्तीत एका तलावाला बसवतो, याचा अर्थ असा की त्या काळातील लोकांच्या लेखी डोंगरमाथ्यावर पाणी उपलब्ध करून देणे हे राज्यकर्त्याच्या योग्यतेचे प्रमाण होते. मालोजींना देवळावर सोन्याचा कळस चढवता आला असता, आणि भाविकांनी त्याचेही कौतुक केले असते. त्यांनी निवडलेले काम मात्र प्रत्येक चढून येणाऱ्याच्या घशाशी जाऊन भिडणारे होते. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर हे दख्खनमधील तलावबांधणीच्या जुन्या परंपरेतीलच काम आहे: सभोवतालच्या उतारांवरून पावसाळ्यात वाहून येणारे पाणी सखल जागी अडवायचे आणि खडकाळ तळामुळे ते जिरून न जाता आठ महिने टिकेल अशी योजना करायची. जो बसाल्ट खडक माथ्यावर झरे टिकू देत नाही, तोच खडक साठवलेले पाणी धरून ठेवतो; डोंगराचा दोष हाच तलावाचा गुण ठरावा, अशी ही जागेची पारख होती. तळ्याला पुष्कर हे तीर्थनाम मिळाल्यामुळे त्यातील स्नानाला पुण्याचीही जोड मिळाली, आणि त्यानंतर शिखरावर येणाऱ्या जोडप्याच्या यात्रेचा क्रम ठरून गेला: संध्याकाळी तळ्याकाठी उतरायचे, तीन दगडांची चूल मांडायची, पहाटे स्नान करायचे, शेंडगे दरवाजा आणि जिजाऊ वेस अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कमानींतून पायऱ्या चढून वर जायचे आणि गाठ बांधलेल्या वस्त्रांनी दोन्ही लिंगांचे दर्शन घ्यायचे. जेजुरीच्या पायथ्याशीही पेशव्यांच्या आणि होळकरांच्या नावाचे तलाव आहेत. डोंगरावरच्या दैवतांची यात्रा वाढली की पाण्याची सोय राज्यकर्त्याकडे मागितली जाते, हा दख्खनचा अनुभव तेथेही दिसतो.

तलाव झाला तरी देवाच्या अभिषेकाचे पाणी मात्र तळ्यातून घेण्याची रीत पडली नाही; ते खालूनच, खांद्यावरून, वर येत राहिले, आणि या हट्टात शिंगणापूरच्या यात्रेचे सर्वांत थरारक दृश्य दडलेले आहे. चैत्र शुद्ध द्वादशीला राज्याच्या निरनिराळ्या भागांतून कावडी येतात. कावड म्हणजे आडव्या दांड्याला दोन बाजूंना पाण्याची भांडी जोडून केलेले वाहून नेण्याचे साधन. साधी कावड एक माणूस खांद्यावर घेतो, परंतु शिखराला येणाऱ्या मानाच्या कावडी इतक्या मोठ्या असतात की त्यांना अनेक खांदे लागतात. त्यांत पुरंदर तालुक्यातील सासवडची, भुतोजी तेली या भक्ताच्या नावाने ओळखली जाणारी कावड मोठ्या मानाची आहे. कऱ्हा नदीचे पाणी भरलेल्या तांब्याच्या मोठ्या रांजणांची ही कावड माळशिरस तालुक्यातील कोथळे गावाच्या बाजूने मुंगी घाटातून चढते. मुंगी घाट हा नावाला घाट. प्रत्यक्षात तो डोंगराचा उभा, खडकाळ कडा आहे, ज्यावर पायवाटसुद्धा जेमतेम आहे. शेकडो माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, ‘हर हर महादेव’ची गर्जना होते, आणि कावड हातोहात, खांद्याखांद्याने, कड्यावरून वर सरकत जाते. त्या रात्री त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. ज्या डोंगरावर पाणी नाही त्या डोंगरावर देवासाठी पाणी वाहून न्यायचे, आणि माणसांसाठी साठवलेले पाणी माणसांसाठीच राहू द्यायचे, अशी ही विभागणी कोणी जाणीवपूर्वक केली असेल किंवा नसेल. तिच्यातील न्याय मात्र लक्षात घेण्यासारखा आहे.

नातेपुते आणि कोथळे यांच्या शिवारांतून जाणाऱ्या या चैत्री वाटेला आषाढात दुसरी वाट येऊन मिळते. हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले, आणि या पालखीचा सोलापूर जिल्ह्यातील पहिला मुक्काम नातेपुत्यात पडू लागला. चैत्रात डोंगराकडे आणि आषाढात चंद्रभागेकडे, एकदा कोरड्या हवेत चढणीने आणि एकदा पहिल्या पावसात मैदानातून, असे पायी चालणाऱ्यांचे दोन प्रवाह वर्षातून दोन वेळा ज्या गावाने पाहिले, तेथे दमलेल्या माणसाला ओसरी मोकळी करून देणे ही गृहस्थाची साधी रीत झाली. वारीतही जोडप्याला मान आहे: आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्री सपत्नीक बसतात, तेव्हा दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान दिला जातो. तरीही दोन्ही यात्रांतला भेद स्पष्ट आहे. वारीला जोडपे जाते ते बहुधा संसार मार्गी लागल्यावर, लेकीसुना हाताशी आल्यावर. शिखराला जाते ते संसाराच्या आरंभी. नातेपुत्यातील एखाद्या बाईच्या आयुष्याची सुरुवातीची यात्रा नैऋत्येला आणि उतारवयातली पूर्वेला, असा आराखडा मांडला तर तो या भागातील पुष्कळ जुन्या घरांना लागू पडेल.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील डोंगरांना एक नवे प्रयोजन मिळाले, आणि त्याचा परिणाम शंभर वर्षांनी या वाटेवरही झाला. इंग्रज अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यातील थंड हवेसाठी महाबळेश्वर येथे वसाहत केली, १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर पाहिला आणि १९०७ मध्ये तेथे छोटी रेल्वे पोचली. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधवला. म्हणजे एकाच भोसले कुळातील दोन पुरुषांनी, सुमारे अडीच शतकांच्या अंतराने, एकाच डोंगररांगेच्या दोन टोकांना दोन तलाव बांधले. पूर्वेच्या टोकाचा तलाव देवाला येणाऱ्या अनवाणी माणसांसाठी होता. पश्चिमेच्या टोकाचा तलाव गोऱ्या साहेबांच्या आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या धनिकांच्या वसाहतीला पाणी पुरवण्यासाठी होता, आणि पुढे त्यात होड्या आल्या. विसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गात लग्नानंतर ‘मधुचंद्रा’ला जाण्याची प्रथा रुजली, तेव्हा तिने वेण्णा तलाव निवडला. दोन्ही प्रवासांत नवे जोडपे, डोंगर आणि तळे हे तीन घटक तेच होते. फरक इतकाच, पण तो फार मोठा, की शिखराच्या यात्रेत जोडपे कुळाच्या साक्षीने एकत्र येई आणि महाबळेश्वरच्या प्रवासात ते कुळापासून दूर जाऊन एकत्र येई. एकांत ही स्त्रीपुरुषांची रास्त गरज आहे, आणि ती जुन्या यात्रेने पुरवली नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचप्रमाणे नव्या सुनेला वाट, पाणी, चूल आणि माणसे यांची जी जाण जुन्या यात्रेत मिळे, ती नव्या प्रवासात मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

नातेपुत्याच्या बाजूने बदल आला तो दोन वेगळ्या दिशांनी. एक बदल पाण्याचा. भाटघरचे लॉइड धरण १९२८ मध्ये पुरे झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी पुढील काळात माळशिरस तालुक्याच्या रानात खेळू लागले. ज्या सासवडहून शिखराची कावड येते, त्याच सासवडचे माळी शेतकरी १९३० च्या दशकात या तालुक्यात येऊन ऊस पिकवू लागले आणि माळीनगरला त्यांचा साखर कारखाना उभा राहिला. डोंगराच्या पायथ्याशी असे पाणी आले आणि माथा मात्र पूर्वीइतकाच कोरडा राहिला. त्यामुळे चैत्रात खालून वर जाणाऱ्या माणसाला हिरव्या उसातून निघून दोन-तीन तासांत करपलेल्या गवतात पोचल्याचा जो अनुभव येतो, तो मालोजींच्या काळातील यात्रेकरूला येत नसावा, कारण त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे सारखेच रखरखीत होते. दुसरा बदल वाहनाचा. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढील दोन-तीन दशकांत एसटी खेडोपाडी पोचली. रेल्वेने या भागाला वळसा घातला होता, कारण बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीवरून पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली. म्हणून नातेपुत्याच्या लोकांचे चालणे इतर अनेक भागांपेक्षा उशिरा सुटले, आणि सुटले ते एसटीमुळेच. घाटातून गाडी शिखरावर जाऊ लागल्यावर पडशी आणि वळकटी माळ्यावर गेली, तळ्याकाठचा मुक्काम एका दिवसाच्या जाऊन-येऊन दर्शनात आटोपू लागला, आणि दशम्यांची जागा हॉटेलातील मिसळीने घेतली. जीप, मोटरसायकल आणि आता स्वतःच्या चारचाकीतून नवदांपत्ये येतात, ओटी आणि अभिषेक जोडीने होतो, पायऱ्यांवर छायाचित्रे काढली जातात आणि संध्याकाळच्या आत मंडळी घरी परततात.

पायी चालण्याचा अगदीच अंत झाला, असे मात्र म्हणता येत नाही. गिरिभ्रमणाची संघटित चळवळ महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या पिढ्यांत पाठीवर सॅक घेऊन किल्ले आणि घाटवाटा पालथ्या घालणाऱ्या तरुणांत मुलीही दिसू लागल्या, पुढे जोडपीही. या भटक्यांचा ओढा पश्चिमेच्या हिरव्या सह्याद्रीकडे असल्याने महादेवाच्या बोडक्या डोंगराकडे त्यांतील थोडेच वळतात. जे वळतात त्यांना पुष्कर तलाव भरलेला पाहायचा असेल, तर पावसाळा संपताना, भाद्रपद-आश्विनात यावे लागते. अवर्षणाच्या वर्षी चैत्रापर्यंत त्याचा तळ उघडा पडतो आणि यात्रेला टँकरने पाणी पुरवावे लागते. तलावाचे पाणलोट क्षेत्र मूळचे लहान आहे. त्यात वस्ती आणि रस्ते वाढले, दरवर्षी वाहून येणारा गाळ साठत गेला, आणि ज्या यात्रेच्या प्रमाणात तो बांधला होता ती यात्रा कित्येक पटींनी वाढली. मालोजींच्या योजनेला चार शतकांनी अपुरेपणा यावा, यात त्या योजनेचा दोष नाही. यात्रेच्या नियोजनात रस्ते, वाहनतळ आणि दर्शनरांगा यांना जे महत्त्व मिळते, ते तळ्याच्या गाळाला आणि त्यात उतरणाऱ्या उतारांना मिळाले पाहिजे, कारण या क्षेत्राच्या वाढीचा पाया त्या पाण्यानेच घातला.

मुंगी घाटाला वाहनाचा पर्याय अजून निघालेला नाही. द्वादशीला कोथळ्याच्या बाजूने कड्याखाली जमणाऱ्या गर्दीत नीरा खोऱ्यातील गावांची तरुण मंडळी असतात, त्यांत नवीन लग्न झालेलेही असतात. पुरुष कावडीच्या साखळीत हात देतात आणि बायका कड्याच्या बाजूच्या सोप्या वाटेने किंवा घाटरस्त्याने वर जाऊन देवळाच्या आवारात वाट पाहतात. कावड वर पोचल्यावर दोघे भेटतात, आणि तेथून पुढे पायऱ्या उतरून तळ्यापर्यंत जाणे अजूनही पायीच होते.